पाचव्या वर्षापर्यंत

३० सप्टेंबर १९८९, शनिवार. अमेरिकेच्या मध्यावरच्या कॅन्सस राज्यातलं मॅनहॅटन हे छोटं गाव. न्यूयॉर्कला ‘बिग ॲपल’ म्हणतात, म्हणून त्याच्या मॅनहॅटनशी नाव जुळणारं हे गाव स्वतःला हौसेनं ‘लिटल ॲपल’ म्हणवून घेतं. गावातल्या स्टेडियममध्ये कॅन्सस स्टेट विद्यापीठाचा फुटबॉल संघ नॉर्थ टेक्सासविरुद्ध मागे पडलेला. घड्याळात शेवटचे काही सेकंद. हल्ल्याचा सूत्रधार असलेला क्वार्टरबॅक कार्ल स्ट्रॉ चेंडू फेकतो, रेषेपलीकडे फ्रँक हर्नांडेझ तो झेलतो आणि वेळ संपते. कॅन्सस स्टेट २०, नॉर्थ टेक्सास १७.

या संघानं याआधीचा सामना जिंकला होता तो १९८६ च्या ऑक्टोबरमध्ये. मधल्या तीस सामन्यांत एकही विजय नाही, एक बरोबरी तेवढी पदरात. १९८७ मध्ये कॉलेजात आलेल्या मुलाला जिंकल्यावर काय करायचं असतं, हे या दिवसापर्यंत ठाऊकच नव्हतं.

पुढे काय झालं? उरलेले सातही सामने कॅन्सस स्टेट हरलं. हंगामाचा हिशेब: एक विजय, दहा पराभव.

नवे प्रशिक्षक बिल स्नायडर यांचं हे पहिलं वर्ष. प्रगतिपुस्तकात ‘अकरापैकी एक’ असा शेरा असलेल्या या माणसाला कुणी काढलं नाही. नऊ वर्षांनी, १९९८ च्या नोव्हेंबरमध्ये, प्रशिक्षकांच्या मतांवर ठरणाऱ्या राष्ट्रीय क्रमवारीत हाच संघ पहिल्या क्रमांकावर होता. अमेरिकी कॉलेज फुटबॉलमध्ये पडक्या घराची पुनर्बांधणी हा विषय निघाला की आजही सर्वांत आधी या गावाचं नाव घेतलं जातं.

आपल्याकडे फुटबॉल म्हटलं की पायानं खेळायचा खेळ डोळ्यांसमोर येतो. हा खेळ वेगळा. चेंडू लांबट, दोन्ही टोकांना निमुळता आणि बहुतेक वेळ हातातच. मैदान शंभर यार्डांचं. चेंडू ज्यांच्याकडे असेल त्यांनी चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं. जमलं तर पुन्हा चार प्रयत्न, नाही तर चेंडू समोरच्यांच्या ताब्यात. हल्ला करणारे अकरा वेगळे, बचाव करणारे अकरा वेगळे, चेंडूला लाथ मारणारे आणखी वेगळे. धडका एवढ्या की दुखापती पाचवीलाच पुजलेल्या, त्यामुळे राखीव मुलंही भरपूर लागतात. एका कॉलेजच्या संघात शंभराच्या आसपास मुलं सहज असतात. एमएस करायला तिकडे गेलेल्या मराठी मुलांना हा खेळ आधी कळतो तो ट्रॅफिकमधून. शनिवारी घरच्या मैदानावर सामना असला की एरवी पेंगणाऱ्या गावात गाडी लावायला जागा मिळत नाही.

या सगळ्या पसाऱ्याला तिकडे नुसतं ‘टीम’ म्हणत नाहीत, ‘प्रोग्राम’ म्हणतात. त्यात संघ तर आलाच. शिवाय प्रशिक्षकांचा ताफा, मुलं हेरणारी माणसं, व्यायामशाळा, भोजनगृह, अभ्यासाच्या शिकवण्या, देणगीदार, टीव्हीचे करार आणि ज्या गटात खेळायचं त्या ‘कॉन्फरन्स’मधली पत हेही आलं. बऱ्याच विद्यापीठांत फुटबॉलच्या पैशावर पोहणं, कुस्ती, टेनिस असे बाकीचे खेळ चालतात. अनेक राज्यांत सरकारी तिजोरीशी नातं असलेल्या नोकरांत सर्वाधिक पगार राज्यपालाचा नसतो, तो कॉलेजच्या फुटबॉल किंवा बास्केटबॉल प्रशिक्षकाचा असतो. अशा ठिकाणी हरणं नुसतं मनाला लागत नाही, ते जमाखर्चातही दिसतं. आणि जमाखर्चात दिसू लागलं की लोकांचा धीर सुटतो.

पण इथला धीर हा केवळ स्वभावाचा गुण नाही. त्यामागे साधं अंकगणित आहे.

नवा प्रशिक्षक साधारणपणे नोव्हेंबरच्या अखेरीला किंवा डिसेंबरात नेमला जातो. स्नायडर आले त्या काळी शाळेतून बाहेर पडणारी मुलं फेब्रुवारीच्या पहिल्या बुधवारी कुठल्या कॉलेजात जाणार त्याच्या कागदावर सही करायची. म्हणजे हातात जेमतेम दोन महिने. चांगली मुलं तर वर्ष-दीड वर्ष आधीच कुणी ना कुणी हेरलेली असतात. त्यामुळे पहिली तुकडी उरल्यासुरल्यांतून घाईनं भरली जाते. प्रशिक्षकानं स्वतः शाळांच्या मैदानांवर जाऊन पारखलेली, घरी जाऊन आईवडिलांशी बोलून आणलेली पहिली खरी तुकडी येते ती त्याच्या दुसऱ्या वर्षी.

ती मुलं असतात अठरा वर्षांची. चेंडू घेऊन पळणारा चपळ मुलगा अठराव्या वर्षीही चमकू शकतो. पण हल्ल्याच्या पुढच्या फळीत, क्वार्टरबॅकसमोर भिंत होऊन उभ्या राहणाऱ्या पाच जणांचं तसं नाही. तिथे वजन लागतं, ताकद लागते, आणि शेजारच्याचा पाय कुठे पडणार हे न बघता कळावं लागतं. एकशे दहा किलोचा मुलगा एकशे पस्तीस किलोचा व्हायला, आणि तेही चरबीनं नव्हे तर स्नायूंनी, दोन-तीन वर्षं जातात. त्याला गोळी नाही आणि इंजेक्शनही नाही. निदान कायदेशीर नाही.

यासाठी कॉलेज फुटबॉलनं एक सोय जुन्या काळापासून ठेवली आहे, तिला ‘रेडशर्ट’ म्हणतात. मुलाला चार हंगाम खेळता येतं, पण त्यासाठी पाच वर्षं मिळतात. पहिलं वर्ष तो सहसा सामन्यांत उतरत नाही, सरावाला मात्र रोज असतो. त्या वर्षात त्याचं काम काय? येत्या शनिवारी समोर जो संघ असेल त्याची नक्कल करणं. मंगळवारी तो ओक्लाहोमाचा बचावपटू होतो, पुढच्या आठवड्यात नेब्रास्काचा. आपल्याच कॉलेजच्या पहिल्या फळीच्या धडका खायच्या, पहाटे वजनं उचलायची, दिवसा वर्गात बसायचं आणि शनिवारी साध्या कपड्यांत मैदानाच्या कडेला उभं राहायचं. नाव पेपरात नाही, फोटो नाही. गावातल्या घरी फोन केला की वडील विचारणार, “अजून खेळवत नाहीत का?”

आता बेरीज करू. स्नायडर १९८८ च्या नोव्हेंबरअखेरीस आले. त्यांची पहिली खरी तुकडी १९९० च्या फेब्रुवारीत सही करून आली. त्यातली रेडशर्ट मुलं १९९१ मध्ये मैदानात उतरली आणि खऱ्या अर्थानं तयार झाली ती १९९३ मध्ये. प्रशिक्षकाच्या पाचव्या वर्षी.

कॅन्सस स्टेटला हे गणित माहीत नव्हतं असं नाही. त्यांनी एकदा ते करूनही पाहिलं होतं, पण उलट्या बाजूनं. १९८१ मध्ये तेव्हाचे प्रशिक्षक जिम डिकी यांनी आपल्या अनुभवी, शेवटच्या वर्षातल्या काही खंद्या खेळाडूंनाच रेडशर्ट करून बसवलं. तो हंगाम सरळ पाण्यात सोडला आणि सगळी शिबंदी १९८२ साठी राखून ठेवली. डाव साधला. १९८२ मध्ये संघ इतिहासात पहिल्यांदाच ‘बाउल’ सामन्याला, म्हणजे हंगामाअखेरीस निवडक संघांना मिळणाऱ्या मानाच्या सामन्याला, गेला. इंडिपेन्डन्स बाउलमध्ये विस्कॉन्सिनकडून १४-३ असा पराभव झाला, पण गेला तर खरा. मग ती मुलं पदवी घेऊन निघून गेली आणि मागे रांगेत कुणीच उभं नव्हतं. संघ पुन्हा तळाला. एका वर्षाची बचत दुसऱ्या वर्षी खर्च केली, एवढाच त्याचा अर्थ. आधी कळस मग पाया असं कुठे होतं?

डिकींनंतर आलेल्या स्टॅन पॅरिश यांना तीन वर्षांत दोन विजय, तीस पराभव आणि एक बरोबरी एवढी मिळकत झाली. पहिल्या दर्जाच्या कॉलेजांत पाचशे पराभवांचा टप्पा गाठणारं पहिलं कॉलेज हा मानही कॅन्सस स्टेटकडेच आला. १९८९ चा हंगाम सुरू होताना ‘स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड’ या देशभर वाचल्या जाणाऱ्या साप्ताहिकानं त्यांच्यावर मोठा लेख छापला. मथळा होता ‘फ्युटिलिटी यू’. मराठीत सांगायचं तर व्यर्थ विद्यापीठ.

स्नायडर तेव्हा एकोणपन्नास वर्षांचे होते. आयोवा विद्यापीठात हेडन फ्राय यांच्या हाताखाली त्यांनी दहा वर्षं हल्ल्याची बाजू सांभाळली होती. मुख्य प्रशिक्षक म्हणून कॉलेजच्या मोठ्या पातळीवर त्यांचं नाव कुठेच नव्हतं. विद्यापीठाचे अध्यक्ष जॉन वेफल्ड १९८६ मध्ये आलेले. शेती आणि पशुवैद्यक यांसाठी ओळखलं जाणारं, १८६३ मध्ये स्थापन झालेलं हे विद्यापीठ फुटबॉलपायी आपल्या ‘बिग एट’ गटातूनही बाहेर फेकलं जाईल अशी कुजबुज त्या काळात होती. गटात राहायचं तर फुटबॉल सुधारायला हवा, आणि तो एका वर्षात सुधारणार नाही, हे वेफल्ड यांनी मान्य केलं. पैसे दिले आणि मुख्य म्हणजे वेळ दिला. स्नायडर यांच्या गोष्टीत सहसा या माणसाला दोन ओळी मिळतात. खरं तर त्याच्या सहीशिवाय गोष्टीचं दुसरं पानच उलटलं नसतं.

आल्या आल्या स्नायडर यांनी काय केलं? डावपेच नंतर. आधी संघाचं बोधचिन्ह बदललं. तिथल्याच एका कलाकाराकडून रानमांजराच्या चेहऱ्याचं नवं, धारदार चिन्ह करून घेतलं. आज ते ‘पॉवरकॅट’ म्हणून कॅन्ससभर गाड्यांच्या काचांवर दिसतं. हरण्याची सवय लागलेल्या मुलांच्या अंगावर त्यांना जुने कपडे नको होते. मग सोळा उद्दिष्टांची यादी आली: बांधिलकी, एकजूट, सुधारणा, शिस्त, सातत्य अशी. यादी वाचली तर शाळेच्या भिंतीवरचे सुविचार वाटतात. पण गंमत अशी की अमुक सामने जिंकायचे, तमुक चषक आणायचा, असा एकही आकडा त्यात नव्हता. रोज कालच्यापेक्षा थोडं बरं व्हायचं, हाच धोशा. स्नायडर स्वतः पहाटेपासून रात्री उशिरापर्यंत कचेरीत बसत, कॉफी ढोसत आणि दिवसातून एकदाच, रात्री, जेवत. हे कौतुकानं सांगितलं जात असलं तरी त्यांच्या सहायकांच्या घरच्यांना ते कितपत रुचत असेल, हा प्रश्नच आहे.

दुसरी गोष्ट मुलांच्या भरतीची. नेब्रास्का, ओक्लाहोमा यांच्यासारख्या बलाढ्य शेजाऱ्यांनी वेचून घेतल्यावर उरलेल्या शाळकरी मुलांत फार दम नव्हता. स्नायडर यांनी दोन वर्षांच्या ज्युनियर कॉलेजांकडे मोर्चा वळवला. कॅन्ससमध्ये अशी कॉलेजं बरीच. तिथली मुलं विशीतली, अंगानं भरलेली. कुणाचे गुण कमी पडलेले, कुणाला शाळेत असताना कुणी विचारलं नव्हतं. पाच वर्षांच्या वाटेत टाकलेले हे पूल होते. याच वाटेनं पुढे १९९७ मध्ये टेक्सासच्या ब्लिन कॉलेजातून मायकेल बिशप आला. पुढच्या वर्षी देशातल्या सर्वोत्तम खेळाडूला मिळणाऱ्या हाइजमन करंडकाच्या मतदानात तो दुसरा होता.

तिसरी गोष्ट जरा चतुराईची. गटाबाहेरचे सामने कुणाशी खेळायचे हे कॉलेज ठरवू शकतं. पूर्वी पैशासाठी मोठ्या संघांकडे जाऊन मार खायची पद्धत होती. स्नायडर यांनी ते बंद करून सोपे प्रतिस्पर्धी घरच्या मैदानावर बोलावले. टीकाकारांनी त्याला गोडधोडाची थाळी म्हणून हिणवलं. पण ज्या मुलांना जिंकणं म्हणजे काय हेच ठाऊक नाही, त्यांना आधी ते चाखायला तर मिळालं पाहिजे. दुखण्यातून उठलेल्या माणसाला पहिल्या दिवशी कुणी पुरणपोळी वाढत नाही, पेजच देतो. या धोरणाची किंमत पुढे मोजावी लागली, ती गोष्ट नंतर.

निकालांकडे पाहू. १९८९: एक विजय. १९९०: पाच. १९९१: सात विजय, चार पराभव, तरी कुठल्याही बाउलचं बोलावणं नाही. आणि १९९२ मध्ये पुन्हा घसरण, पाच विजय आणि सहा पराभव. त्या हंगामाचा शेवट तर घरापासून हजारो किलोमीटरांवर टोकियोत झाला, आणि नेब्रास्कानं तिथेही ३८-२४ असं हरवलं.

धीराची खरी परीक्षा पहिल्या वर्षी नसते. तेव्हा सगळेच समजूतदार असतात. ती असते अशा चौथ्या वर्षी, जेव्हा चढणारी रेघ अचानक खाली येते आणि उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांना कंठ फुटतो. ‘पी हळद आणि हो गोरी’ म्हणणारे देणगीदार सगळीकडेच असतात. अशा वेळी गुणफलकाखाली काय चाललंय ते दिसावं लागतं. १९९१ मध्ये नेब्रास्काच्या लिंकन गावी जाऊन कॅन्सस स्टेटनं त्यांना ३८-३१ पर्यंत झुंजवलं होतं. पराभव तोच, पण ज्या संघाकडून दरवर्षी धुलाई व्हायची त्याला शेवटपर्यंत घाम फोडलेला. रेडशर्ट मुलं एकेक करून फळीत येत होती. १९९३ मध्ये नऊ विजय, दोन पराभव, एक बरोबरी झाली आणि कॉपर बाउलमध्ये वायोमिंगचा ५२-१७ असा फडशा पडला. विद्यापीठाच्या इतिहासातला तो पहिला बाउल विजय. तिथून सलग अकरा हंगाम संघ बाउलला जात राहिला.

हे गणित एकट्या कॅन्सस स्टेटचं नाही. शिकागोजवळचं नॉर्थवेस्टर्न विद्यापीठ अभ्यासात अव्वल आणि फुटबॉलमध्ये थट्टेचा विषय. १९७९ ते १९८२ दरम्यान सलग चौतीस पराभव. गॅरी बार्नेट १९९२ मध्ये आले आणि पहिल्या तीन हंगामांत मिळून आठ सामने जिंकले. चौथ्या वर्षी, १९९५ मध्ये, दहा विजय मिळवून संघ थेट रोज बाउलला पोहोचला. तिथे तो यापूर्वी १९४९ च्या नववर्षदिनी खेळला होता. ड्यूक विद्यापीठानं २००४ ते २००७ या चार वर्षांत शेहेचाळीस सामन्यांपैकी बेचाळीस गमावले. डेव्हिड कटक्लिफ यांना तिथे बाउल गाठायला पाचवं वर्ष उजाडलं, आणि सहाव्या वर्षी दहा विजय मिळाले.

सर्वांत ताणलेला धीर व्हर्जिनिया टेकचा. फ्रँक बीमर तिथलेच माजी विद्यार्थी आणि खेळाडू. १९८७ मध्ये सूत्रं हाती घेतली तेव्हा आधीच्या कारभाराबद्दल झालेल्या शिक्षेमुळे स्कॉलरशिपचे आकडेही कापलेले. सहा हंगामांचा एकूण हिशेब: चोवीस विजय, चाळीस पराभव, दोन बरोबऱ्या. सहाव्या वर्षी, १९९२ मध्ये, तर फक्त दोन विजय. आजच्या बाजारात एवढ्यात दोन प्रशिक्षक बदलून झाले असते. क्रीडासंचालक डेव्ह ब्रेन यांनी बीमरना ठेवलं, मात्र नुसतं ‘चालू द्या’ म्हणून नाही. सहायकांच्या ताफ्यात बदल करायला लावले. १९९३ मध्ये नऊ विजय आले आणि त्या वर्षापासून व्हर्जिनिया टेक सलग सत्तावीस हंगाम बाउल सामना खेळलं. १९९९ च्या हंगामात हा संघ राष्ट्रीय विजेतेपदाच्या सामन्यापर्यंत गेला. त्याचा क्वार्टरबॅक मायकेल विक हा एक वर्ष रेडशर्ट होऊन कडेला उभा राहिलेला मुलगा.

पुन्हा मॅनहॅटनकडे. १४ नोव्हेंबर १९९८. नेब्रास्कानं कॅन्सस स्टेटला सलग एकोणतीस वर्षं हरवलं होतं. त्या दिवशी कॅन्सस स्टेटनं ४०-३० असं जिंकलं. नेहमीचा हंगाम संपला तेव्हा अकरापैकी अकरा सामने खिशात. मग गटाच्या अंतिम लढतीत टेक्सास ए अँड एमनं दोनदा जादा वेळ खेचून ३६-३३ असा घास हिरावला. राष्ट्रीय क्रमवारीत तिसरा असूनही मोठ्या बाउल सामन्यांच्या यजमानांनी या संघाला बोलावलं नाही. सोप्या सामन्यांची थाळी आणि लहान गाव, दोन्ही तेव्हा आड आली. पुढे नियमच बदलला गेला आणि वरच्या क्रमांकांच्या संघांना जागा राखून ठेवण्यात आली. त्या तरतुदीला लोक ‘कॅन्सस स्टेट रूल’ म्हणत.

कॅन्सस स्टेटकडून झालेल्या त्या पराभवानंतर नेब्रास्काचं काय झालं, हेही तितकंच शिकण्यासारखं आहे. लिंकन मॅनहॅटनपासून गाडीनं दोन-अडीच तासांवर. १९६२ पासून तिथल्या स्टेडियमची सगळी तिकिटं खपत आलेली. तिथे टॉम ऑसबोर्न १९७३ पासून प्रशिक्षक होते. दरवर्षी भरपूर जिंकायचे, पण राष्ट्रीय विजेतेपद हुलकावणी द्यायचं. ते पहिल्यांदा हाती आलं १९९४ मध्ये, बाविसाव्या हंगामात; मग १९९५ आणि १९९७ मध्ये आणखी दोन. एवढी सबुरी मुरलेल्या गावानं ऑसबोर्न यांचे वारसदार फ्रँक सोलिच यांना २००३ मध्ये नऊ विजय आणि तीन पराभव झालेले असताना काढलं. आदल्या वर्षी सात विजय, सात पराभव अशी घसरण झाली होती, तीच नडली. सोलिच यांचे सहा वर्षांतले एकूण आकडे: अठ्ठावन्न विजय, एकोणीस पराभव. त्यानंतर बिल कॅलहन, बो पेलिनी, माइक रायली, स्कॉट फ्रॉस्ट, मॅट रुल अशी रांग लागली. पेलिनी सातही हंगामांत किमान नऊ सामने जिंकून गेले. प्रत्येक बदलात खेळण्याची पद्धत बदलली, त्या पद्धतीला लागणारी मुलं बदलली आणि पाच वर्षांचं घड्याळ पुन्हा शून्यावर आलं.

म्हणजे ठेवलं की जिंकतोच असं आहे का? तसंही नाही. फ्रॉस्ट म्हणजे नेब्रास्काचाच विजेता क्वार्टरबॅक, घरचा मुलगा. त्यांना चार पूर्ण हंगाम दिले. २०२१ मध्ये संघ तीन जिंकला आणि नऊ हरला, पण नऊच्या नऊ पराभव दहापेक्षा कमी गुणांनी. कागदावर तर हीच ती ‘थोडक्यात हुकलं’ वाली वाढ, स्नायडर यांच्या १९९१ च्या लिंकनसारखी. पुढच्या वर्षी सप्टेंबरात, तीनच सामन्यांनंतर, फ्रॉस्ट यांना जावं लागलं. सगळा मिळून सोळा विजय, एकतीस पराभव. फरक कुठे होता? कॅन्सस स्टेटच्या थोडक्यातल्या पराभवांच्या मागे विजयांची संख्याही एक, पाच, सात अशी हलत होती. नेब्रास्काची रेघ मात्र जिथल्या तिथे. वाट पाहणाऱ्याला नेमकं काय वाढतंय ते बोट ठेवून दाखवता यायला हवं.

गेल्या काही वर्षांत या अंकगणिताचे नियमच बदलले. २०१८ मध्ये ‘ट्रान्सफर पोर्टल’ आलं. दुसऱ्या कॉलेजात जायचं असलेल्या खेळाडूनं त्यात नाव नोंदवायचं आणि बाकीच्यांनी त्याच्याशी बोलणी करायची. २०२१ पासून बदलीनंतर वर्षभर बसून राहण्याची अटही सैल झाली. त्याच वर्षी जुलैपासून मुलांना आपल्या नावाचे आणि चेहऱ्याचे जाहिरातीतून पैसे घेता येऊ लागले, आणि २०२५ पासून कॉलेजं थेट उत्पन्नातला वाटा देऊ लागली. आता एकशे पस्तीस किलोचा मुलगा घडवत बसायचं कशाला? तयार असलेला दुसरीकडून आणा.

इंडियाना विद्यापीठानं नेमकं हेच केलं. २०२३ मध्ये त्यांचे तीन विजय आणि नऊ पराभव होते. कर्ट सिग्नेटी आले, आधीच्या जेम्स मॅडिसन विद्यापीठातले डझनभर खेळाडू सोबत घेऊन आले आणि पहिल्याच वर्षी अकरा सामने जिंकले. २०२५ च्या हंगामात तर एकही सामना न हरता राष्ट्रीय विजेतेपद. पाच वर्षांची गोष्ट दोन वर्षांत आटोपली. मात्र सिग्नेटी इंडियानाला आले तेव्हा बासष्ट वर्षांचे होते. २०११ मध्ये अलाबामासारख्या बड्या संघातलं सहायकपद सोडून ते पेन्सिल्वेनियातल्या एका छोट्या, दुय्यम श्रेणीच्या कॉलेजात मुख्य प्रशिक्षक झाले, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. ती तेरा वर्षं इंडियानाच्या खात्यात दिसत नाहीत. सोबत आणलेल्या मुलांनाही त्यांची पद्धत जुन्या कॉलेजातच अंगवळणी पडली होती. मुरायला लागणारा वेळ लागलाच, तो दुसऱ्याच्या भांड्यात गेला एवढंच. उलट कोलोरॅडोत डियॉन सँडर्स यांनी २०२३ मध्ये जवळजवळ सगळा संघच पोर्टलमधून नवा भरला. चार विजय, मग नऊ, आणि २०२५ मध्ये चमकती मुलं निघून गेल्यावर पुन्हा तीन. जिम डिकी यांच्या १९८२ ची आठवण करून देणारा हा आलेख आहे.

घाईची किंमतही वाढत चालली आहे. टेक्सास ए अँड एमनं २०२३ मध्ये जिम्बो फिशर यांना करार मोडून काढलं तेव्हा त्यांना द्यायची रक्कम साडेसात कोटी डॉलरच्या वर होती. काम न करण्यासाठी.

स्नायडर २००५ च्या हंगामानंतर निवृत्त झाले. स्टेडियमला त्यांच्या कुटुंबाचं नाव मिळालं. त्यांच्या हाताखालचे लोक एव्हाना देशभर पसरले होते. बॉब स्टूप्स यांनी २००० मध्ये ओक्लाहोमाला राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिलं होतं. मॅनहॅटनला मात्र रॉन प्रिन्स यांच्या तीन वर्षांत विजयांपेक्षा पराभव जास्त झाले. २००८ च्या अखेरीस विद्यापीठानं एकोणसत्तर वर्षांच्या म्हाताऱ्याला परत बोलावलं. आपल्याच नावाच्या मैदानावर त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. २००९: सहा विजय. २०१०: सात. २०११: दहा. २०१२: अकरा विजय आणि गटाचं विजेतेपद. पुन्हा चौथं वर्ष.

त्या २०१२ च्या संघाचा क्वार्टरबॅक कॉलिन क्लाइन होता. कोलोरॅडोतल्या लव्हलँडचा हा उंच मुलगा स्नायडर परतण्याआधीच आलेला. पहिलं वर्ष रेडशर्ट. २००९ मध्ये त्याच्या हाती चेंडू फेकायचं काम आलं नाही. लागेल तिथे खेळायचं म्हणून तो चेंडू झेलणाऱ्यांच्या रांगेत उभा राहिला. मुख्य क्वार्टरबॅक झाला तो २०११ मध्ये, आणि पुढच्या वर्षी हाइजमनच्या मतदानात तिसरा आला. डिसेंबर २०२५ मध्ये कॅन्सस स्टेटनं नवा मुख्य प्रशिक्षक नेमला. तो हाच क्लाइन. नेमणूक झाली तेव्हा फेब्रुवारीचा बुधवार नावालाच उरला होता. आताच्या नियमानं बहुतेक मुलांच्या सह्या डिसेंबरातच होतात, आणि त्या त्याच आठवड्यात होत्या.